सोनाजीचा साचा

मंगळवार, ८ फेब्रुवारी २००५. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आखाडा बाळापूरच्या रक्ततपासणी शिबिरात एक काचेची नळी गढूळ झाली. नळीमागे धरलेल्या कार्डावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या. रक्त प्रज्ञेशचं होतं. वय अकरा महिने, राहणार डोंगरकडा.

रक्त साफ असेल तर रेघा आरपार दिसतात. गढूळ झालं तर त्यात सिकलसेलचा दोष आहे. दोष आई किंवा बाप अशा एकाकडूनच आला असेल तर मूल नुसतं वाहक असतं आणि बहुधा त्याला काही होत नाही. दोघांकडून आला असेल तर तो आजार. यातलं नेमकं काय, ते नळी सांगत नाही. प्रज्ञेशची बहीण शीतल १९ जानेवारी २००३ रोजी नांदेडला त्याच आजारानं गेली. तेव्हा ती साडेचार वर्षांची होती.

प्रज्ञेशची आई करुणा शिबिराला एकटीच आली होती. घरी तिनं पोलिओचा डोस सांगितला होता.

तपासणी करणारा भागवत डोंगरकड्याचाच. त्यानं नळी दुसऱ्यांदा कार्डासमोर धरली, मग खाली ठेवली.

"पोरगं तर आज्याचा, सोनाजीबुवाचा साचा हाय, वयनी. तेच कपाळ, तेच कान."

"म्हणूनच उशीर झाला," करुणा म्हणाली. "आत्या म्हणतात, हे त्यांच्यावर गेलंय, याला काई व्हत न्हाई. रेघा दिसल्या का?"

"न्हाई दिसल्या."

"मंग अर्धं का पुरं?"

"ते नागपूरच्या मशीनवर कळंल. आज पाठवतो." भागवतनं लेकराची बोटं उलटीपालटी करून पाहिली. उजव्या हाताची दोन बोटं सुजलेली होती. "हे कवापासून?"

"संक्रांतीपासून. आत्यानं हळद लावली. दात येऊन राहिलेत म्हणल्या."

"दात बोटातून येतेत का?"

करुणा हसली नाही.

रुक्माबाई करुणाची सासू आणि सख्खी आत्याही. १९९७ साली रुक्माबाईनं भावाची मुलगी आपल्या धम्मानंदला करून घेतली. घरातली मुलगी घरात, असा रिवाज. भाऊ भिवाजीच्या घरात सांधेदुखी होती, हे तिला ठाऊक होतं. करुणाचा थोरला भाऊ चौदाव्या वर्षी हातपाय दुखून दुखून गेला होता. त्याला सगळे वात म्हणत. पण रुक्माबाईचा हिशेब सरळ होता. दुखणं तिच्या माहेरचं. तिचा नवरा सोनाजी कालव्यावर चौकीदार, सहा फुटी, गव्हाळ, रुंद हाडाचा माणूस. त्याच्या घरात असलं काही नव्हतं. धम्मानंद दिसायला सोनाजीवर गेलेला. म्हणजे तो सुटला.

शीतल करुणाच्या माहेरावर गेली होती. सावळी, बारीक, अंगानं लहान. ती वारली तेव्हा रुक्माबाईच्या मनात तो हिशेब पक्का झाला.

नांदेडच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, की मुलीत दोष दोन्हीकडून आला, म्हणजे आईबाप दोघंही वाहक. धम्मानंदनं घरी येऊन ते आईला सांगितलं.

"तुझ्यात कसं यील?" रुक्माबाई म्हणाली. "आरशात बघ की. माझ्यासारखं काय हाय तुझ्यात?"

धम्मानंद शाळेच्या वह्या घेऊन बसला. तो डोंगरकड्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. आईबापांकडून मुलात काय येतं ते दाखवणारा चार घरांचा चौकोन दरवर्षी दहावीच्या फळ्यावर काढायचा.

६ मार्च २००४ ला प्रज्ञेश जन्मला, साडेतीन किलोचा. रक्त सहा महिन्यांनी तपासायचं ठरलं. त्याआधी ही चाचणी भरवशाची नसते. सप्टेंबर आला तेव्हा मूल गुटगुटीत होतं. रुक्माबाई त्याला भिंतीवरच्या सोनाजीच्या हार घातलेल्या फोटोखाली बसवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दोन्ही चेहरे जुळवून पाहायला लावायची. "आलेत का न्हाई माघारी?" धम्मानंद म्हणाला, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर सहामाहीचे पेपर तपासायला आले. मूल आजारी असेल तर याच पाच महिन्यांत रोजचं औषध सुरू व्हायला हवं होतं. करुणाला ते शिबिरात कळलं.

८ फेब्रुवारीला दुपारी तीनला ती घरी पोचली. पोलिओचं तिनं पहिल्या वाक्यातच खरं सांगून टाकलं.

"सुई टोचवली?" रुक्माबाईनं लेकरू ओढून घेतलं. "एकीला टोचटोचून मारलं, तेवढं पुरं न्हाई झालं?"

"आत्या, सुईनं न्हाई गेली ती."

"याचं तोंड बघ करुणे! यात तुझ्या बापाच्या घरचं एक तरी हाय का?"

"तुमचंच तर घर हाय ते बी," करुणा म्हणाली.

रुक्माबाई लेकराला घेऊन ओसरीवर गेली.

संध्याकाळी भागवत मुद्दाम आला. ओसरीवर बसून त्यानं रुक्माबाईला समजावलं.

"मावशे, गावजेवणात धा घरची डाळ एका कढईत पडती. रंग, उंची, अंगलट तशी. कुणाची किती, सांगता येत न्हाई. सगळी मिळून वरण व्हतं. ह्यो दोष म्हंजी खडा. वरण पिवळं हाय का पातळ हाय, त्याच्याशी खड्याला घेणंदेणं न्हाई. हाय तर हाय."

"आणि माझ्या ल्योकात खडा कुठून आला?"

भागवतनं धम्मानंदकडं पाहिलं. धम्मानंद उठून आत गेला.

"तुमच्याकडून, मावशे," भागवत म्हणाला. "तुमाला तकलीफ झाली न्हाई, कारण तुमच्यात एकच हाय. तोच धम्मानंद सरात आला. तुमच्या भावातला करुणावयनीत आला."

रुक्माबाईनं चहा विचारला नाही. तो जयभीम करून निघाला तेव्हा तिनं तोंडानं नाही, मानेनंच उत्तर दिलं.

१५ फेब्रुवारीला दहावीच्या उजळणीत आनुवंशिकता होती. धम्मानंदनं उंच आणि बुटका वाटाणा काढला. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "सर, मंग उंच बापाची पोरं मधल्या उंचीची काहून व्हतेत? वाटाणा तर उंच न्हाई तर बुटकाच."

"वाटाण्याची ही उंची एका जनुकावर ठरते," तो म्हणाला. "माणसाची पुष्कळ जनुकांवर. वर खाणंपिणं. म्हणून माणसात मधले असतात. एका जनुकाच्या गोष्टीला मधलं बहुधा नसतं. आणि ती चेहऱ्यावरून ओळखता येत नाही."

शेवटचं वाक्य पुस्तकात नव्हतं. काही मुलांनी ते वहीत लिहून घेतलं.

घरी करुणानं त्याला विचारलं, "तुमाला तर सगळं येत व्हतं. सप्टेंबरात काहून गेलो न्हाई आपण?"

"त्याचा चेहरा बघून," तो म्हणाला.

१९ फेब्रुवारीला नागपूरहून निरोप आला, की नमुना वाटेत खराब झाला, पुन्हा रक्त पाठवा. २४ तारखेला धम्मानंद स्वतः लेकराला घेऊन बाळापूरला गेला. रुक्माबाईनं अडवलं नाही. ती दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली. दुसरा नमुना बर्फात घालून गेला. पंधरा दिवस सांगितले.

६ मार्चला प्रज्ञेशला वर्ष झालं. तो भिंत धरून उभा राहिला. पाऊल टाकलं नाही. पाय टेकवला की रडायचा. रुक्माबाई म्हणाली, सोनाजी पण उशिराच चालले होते, असं सासू सांगायची.

१४ मार्चला धम्मानंदनं एसटीडी बूथवरून नागपूरला फोन लावला. मशीन बंद होतं. १८ तारखेला सुरू झालं, पण आधीचे नमुने खूप होते.

मंगळवारी, २२ मार्चला सकाळी साडेआठला रुक्माबाईनं लेकराच्या डाव्या पायाला हळद लावली. मग तीच हाक मारून म्हणाली, "करुणे, ह्या पायाला बी सूज आलीय बघ." ताप एकशे एक होता. धम्मानंदची दहावीच्या परीक्षेवर ड्यूटी होती, तो निघून गेला होता. करुणा लेकराला घेऊन नांदेडच्या गाडीसाठी फाट्यावर उभी राहिली. सोबत रुक्माबाई होती.

दुपारच्या टपालात नागपूरचा अहवाल नव्हता.