सत्यभामाबाईंचे गुरुवार

त्या शुक्रवारी डिंपल मुद्दामच बसत नव्हती, कारण बसली असती तर झोपली असती. नर्सिंगचं शेवटचं वर्ष, सकाळपासून वॉर्डात पायपीट, आठवड्यावर परीक्षा आणि त्यात आई. आई म्हणजे सत्यभामाबाई, धाड गावात भाजीपाला पिकवणाऱ्या कडूबांची बायको. तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती नवऱ्याबरोबर एसटीने बुलडाण्याला डायलिसिससाठी यायची, डिंपल शिकत होती त्याच दवाखान्यात.

मंगळवारचा रिपोर्ट बरा यायचा. शुक्रवारी मात्र पोटॅशियम चढलेलं. साडेतीन ते पाच नॉर्मल, हा आकडा डिंपल झोपेतही म्हणू शकली असती. क्रिएटिनिन वाढलं तर माणूस हळूहळू खंगतो, पण पोटॅशियम साडेसहाच्या पुढे गेलं की हृदय कधी दगा देईल याचा नेम नाही, हे राखी मॅडमनी वर्गात बजावून सांगितलं होतं. आज आईचं सहा पॉइंट नऊ आलं. पायांत त्राण नव्हतं, कडूबांनी तिला स्टँडपासून धरून आणलं होतं. डॉक्टरांनी घाईघाईने इंजेक्शन देऊन तिला मशीनवर घेतलं. "एखाद्या शुक्रवारी बस उशिरा आली तर?" एवढंच ते म्हणाले आणि पुढे गेले.

"काल काय खाल्लं वं आई?" डिंपलने विचारलं.

"काहीच नाही वं माय."

गेले तीन शुक्रवार हेच उत्तर. सिस्टरलाही हेच, डॉक्टरांनाही हेच. डिंपलला आता आईचा रागसुद्धा येईना, इतकी ती थकली होती. ती बाहेर बाकावर बसलेल्या कडूबांकडे गेली.

"बाबा, आई खरंच काही खात नाही का?"

"नाही ना. गुरुवारचा उपास राह्यते तिचा. भगर, आलूची भाजी, दोन केळं अन् नारळाचं पाणी. बस."

डिंपल मटकन खाली बसली. आपल्याकडे उपासाचं खाणं कोणी खाण्यात धरतं का? उपासाच्या दिवशी चूल दुप्पट पेटते, तरी बाई शपथेवर सांगेल की मी उपाशी आहे. आणि ते खोटंही नसतं. बटाटा, केळं, नारळपाणी यांत पोटॅशियम किती, हे डिंपलने सगळ्या वॉर्डाला घसा सुकेपर्यंत सांगितलं होतं. उपासाचं तेवढं विचारायचं तिलाही सुचलं नव्हतं.

"पण गुरुवार कधीपासून? ती तर सोमवार करायची."

कडूबा जमिनीकडे बघत म्हणाले, "तुह्या परीक्षेसाठी धरले तिनं. सोमवार मी सोडाले लावले होते, तुले कळलं त हेबी सोडाले लावशीन, म्हणून तुले सांगू नको म्हणे."

डिंपलला रडू आलं. मग तिने तोंड धुतलं आणि आईच्या पलंगाशी जाऊन उभी राहिली.

"आई, गुरुवार सोडून दे."

"एकच राह्यला. अर्ध्यात सोडू काऊन? पोरीच्या मागं पाप लावू?"

"मग मी पेपरले बसतच नाही."

सत्यभामाबाईंनी डोळे मिटून घेतले.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी डिंपल होस्टेलमध्ये पुस्तक उघडून बसली होती. डोळ्यांसमोरच्या ओळी एकमेकींत मिसळत होत्या. कडूबांचा फोन आला, पण पलीकडे बाबा नव्हते. कोणीतरी सावकाश घास चावत होतं, मध्येच नाक ओढत होतं.

"भात अन् दोडक्याची भाजी," आई म्हणाली. "ऐकू येऊन राह्यलं का तुले?"

"हाव."

"उद्या नापास झाली त मले बोल लावू नको."

"नाही लावत, आई," डिंपल म्हणाली. "तू फक्त उद्या ये."