एकोणीसशे अधिक एकशे अठरा

दर गुरुवारी बारा वाजून गेले की सोरा सेत्तिमिया, म्हणजे आमच्या बोलीत सेत्तिमियाबाई, माझ्या दुकानाच्या दारात उभ्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली न्योक्कीची ताटली आणि तोंडात तोच प्रश्न.

“काय गं नात्सारेना, या वर्षी मी मेले तर काय कोरशील?”

“आधी आत या. ऊन लागतंय.”

“बसायला नाही आले मी. विचारायला आले.”

असं म्हणून त्या बसायच्या आणि दोन तास उठायच्या नाहीत.

गुरुवारी आमच्याकडे घरोघरी न्योक्की, म्हणजे उकडलेल्या बटाट्याच्या गोळ्या, होतात, तेव्हा ती काही लाच नव्हती. पण बटाटा इतका हलका दुसऱ्या कोणाच्या हाताला येत नाही, आणि तोंडात न्योक्की असताना माणसाला धड ओरडता येत नाही. हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

आमचं दुकान दफनभूमीच्या फाटकासमोर. वडिलांच्या मागे ते मी आणि माझा भाऊ एल्व्हियो चालवतो. दगड कापायचं काम त्याचं, अक्षरं माझी, आधी ब्रशने आखायची, मग कोरायची. शाळा मी पाचवीत सोडली. रोमी आकडे शिकले ते थडग्यांवरून. एक दांडी म्हणजे एक, V पाच, X दहा, L पन्नास, C शंभर, M हजार. मोठ्या अक्षरानंतर लहान आलं तर मिळवायचं, आधी आलं तर वजा करायचं. एवढ्या विद्येवर चाळीस वर्षं निघाली. वडील, ओलिंदो त्यांचं नाव, शिळेवर साधे आकडे कोरूच द्यायचे नाहीत. आमच्या खाणीतला दगड भोकाभोकांचा, स्पंजासारखा. “त्यात आठ कोरायला जा, आठाचं पोट फुटतं,” ते म्हणायचे. “सरळ रेघ मारा, ती टिकते.” गोल पोटाचा म्हणून C सुद्धा त्यांना आवडायचा नाही, पण शंभराला इलाज नव्हता.

आणि सगळा घोळ नेमका एका C नेच केला.

१९८८ साली सोरा सेत्तिमियांचा नवरा क्विरीनो गेला. खाणीत शिळा मोजायचं काम करायचा तो. त्यांच्या दारापुढे एक दगडी बाक होता, लग्नाच्या वर्षी त्यानेच रविवार-रविवार करून दातेरी छिन्नीने घडवलेला. सदतीस उन्हाळे दोघं संध्याकाळची त्यावर बसली. बसून बसून त्या दगडावर दोन गुळगुळीत खळगे पडले होते, एक मोठा, एक लहान. नवरा गेल्यावर बाईंनी तो बाक उपटून माझ्या वडिलांपुढे आणून टाकला. म्हणाल्या, याचीच शिळा कर. मोठ्या खळग्यावर त्याचं नाव, लहानावर माझं.

आमच्याकडे जोडप्याला एकच शिळा असते. मागे राहिलेल्याचंही नाव आणि जन्मसाल कोरून ठेवतात, मरणाच्या सालाची जागा कोरी. तशी कोरी ठेवली असती तर माझे केस इतक्या लवकर पिकले नसते. पण सोरा सेत्तिमिया तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या, रडून रडून डोळे सुजलेले. “ओलिंदो, माझीही अक्षरं तुझ्याच हातची हवीत. जेवढी होतील तेवढी आत्ताच कोर. त्याच्यावाचून मी काय दहा वर्षं काढणार आहे?”

वडिलांनी विचार केला, दहा वर्षांत शतक काही संपत नाही. एकोणीसशेचे MCM त्यांनी कोरून टाकले, आणि पुढे सगळ्यात लांब पडणाऱ्या सालापुरती, म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या XCVIII या सहा अक्षरांपुरती, जागा सोडली. मी बावीस वर्षांची होते, शेजारी ब्रश धुवत होते. मीही काही बोलले नाही. दोन हजार साल तेव्हा कोणाच्या दारात आलं होतं?

मग काय. वडील गेले, शतक गेलं, लिरा गेला नि युरो आला, बाई आहेतच. आणि शिळेवर त्यांच्या नावाखाली: MCMXXXI ते MCM. जन्म एकोणीसशे एकतीस, मृत्यू एकोणीसशे. नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, अख्खं गाव शेवंतीची फुलं घेऊन येतं आणि एकमेकांच्या शिळा वाचतं.

“सोरा सेत्तिमिया, जन्मायच्या एकतीस वर्षं आधीच गेलात की हो! एवढी घाई कसली होती?”

“तुमची तोंडं बघायला लागू नयेत म्हणून.”

हा विनोद अठरा वर्षं पुरला. मग २०१८ च्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी बाईंचं हृदय थकलंय म्हणून सांगितलं, आणि त्यात कोणाला हसू येईना.

लोरेदाना त्याच आठवड्यात आली. क्विरीनोची पुतणी, रोममध्ये औषधाचं दुकान आहे तिचं. मूलबाळ नसलेल्या काकूचं सगळं तीच बघायची आणि चांगलं बघायची, खोटं कशाला बोलू. पण तिनं ठरवून टाकलं होतं, काकूच्या मागे जुनी शिळा काढायची आणि काळा ग्रॅनाइट बसवायचा, मशीनने काढलेल्या फोटोसकट.

“लोक हसतात,” ती माझ्या टेबलाशी उभी राहून म्हणाली. “तुम्ही साल नीट बसवून दाखवा, दगड राहील. मृतांच्या दिवसाआधी मला कागदावर आखून द्या. नाहीतर मी ग्रॅनाइट सांगून टाकते.”

“आणि जुन्या दगडाचं काय?”

“खाणवाले नेतात ना. भुकटी करतात.”

सोरा सेत्तिमिया तिथेच बसल्या होत्या. हातातल्या रुमालाची गाठ सोडायची, बांधायची, परत सोडायची.

तेव्हापासून हे गुरुवार सुरू झाले.

मी पहिल्याच गुरुवारी सरळ मार्ग सांगितला. “मधला C जायला हवा. तो गेला की MM, दोन हजार. पुढे XVIII, अठरा. झालं.”

“जाईल कसा?”

“वरचा अर्धा बोट दगड घासून काढायचा आणि सगळं नव्याने कोरायचं. एल्व्हियोचं मशीन दोन तासांत घासून देईल.”

“सगळं म्हणजे? क्विरीनोचंही?”

“परत कोरीन ना मी.”

“आणि आमची बसायची जागा?”

मी न्योक्की गिळली. “ती जाईल.”

“मग नाही.”

मी दुसरा मार्ग काढला. C भोवती चौकोन कापायचा, त्याच जातीच्या दगडाचा तुकडा त्यात ठोकून बसवायचा. “हात चांगला असेल तर जोड दिसतही नाही.”

“कोणाला दिसत नाही?”

“लोकांना.”

“मी म्हणजे लोक का गं? सदतीस वर्षं मी बसले त्या जागेवर, आणि तू तिथं भोक पाडणार?”

मागून एल्व्हियो बोललाच, त्याला राहवत नाही. “सोरा सेत्तिमिया, अहो दगड तो! दगडाला काय कळतंय?”

“तुला तरी काय कळतंय? तुला कोणी घासून काढलं का?”

तिसरा मार्ग मला फार आवडला होता, तोच सांगते. जुन्या रोमी शिळांवर शब्दांच्या मधे आयव्हीच्या वेलीचं पान कोरलेलं असतं. मी म्हटलं, C वर तसं खोल पान कोरते, C त्यात बुडून जाईल. चार दिवस बसून पान काढलं, देठासकट, शिरांसकट. सोरा सेत्तिमियांनी कागद लांब धरला, जवळ धरला.

“क्विरीनोला पाला कधी आवडलाच नाही,” त्या म्हणाल्या.

मी ब्रश फेकला. खरंच फेकला. भिंतीवर लाल रंगाचा डाग अजून आहे.

असं करता करता ऑक्टोबरचा शेवटचा गुरुवार आला. मृतांच्या दिवसाला आठवडा राहिलेला, गावातल्या निम्म्या शिळा धुऊन-रंगवून द्यायच्या बाकी, आणि दारात ताटली.

“काय गं नात्सारेना, या वर्षी मी—”

“काही नाही कोरणार!” मी ओरडले, तेही न्योक्की खायच्या आधीच. “तुम्हाला दगडही हवा, सालही हवं, घासायचं नाही, कापायचं नाही, झाकायचं नाही. मग मी करू काय? हाताला धरून तुम्हाला परत अठ्ठ्याण्णव सालात नेऊन सोडू?”

एल्व्हियोने मशीन बंद केलं. बाई उभ्याच राहिल्या. मला तेव्हाच वाईट वाटायला लागलं होतं, पण चिडलेल्या माणसाला लगेच मागे फिरता येत नाही. त्या हळूच स्टुलावर बसल्या आणि जमिनीवरच्या दगडाच्या पिठात काठीने रेघा ओढू लागल्या.

“क्विरीनो नऊ कसा लिहायचा, माहितीये तुला? आधी पाच, मग पुढे चार रेघा.”

“ते चूक. नऊ म्हणजे दहाच्या आधी एक दांडी, IX.”

“अगं, खाणीतून नववी शिळा वर येते तेव्हा आठ आधीच कोरलेले असतात. ते काय पुसणार? आणखी एक रेघ मारायची, संपलं. खाणीत कोणी खोडत नाही. खोडलं की भांडण लागतं. आलं की पुढे जोडायचं.”

“बरं, मग?”

“माझ्या नावाखाली एकोणीसशे आहेत. आहेत की नाही?”

“आहेत.”

“या सालाला किती कमी पडतात?”

“एकशे अठरा.”

“मग जोड की.”

“असं लिहीत नाहीत हो!”

“का?”

“चूक आहे म्हणून.”

“बेरीज चुकते?”

“बेरीज नाही चुकत. पण पद्धत—”

“बेरीज चुकत नाही ना? मग खा आता. गार झाली.”

मी खाल्लं नाही. ब्रश घेतला आणि कागदावर एकशे अठरा लिहिले. CXVIII. मोजले, सहा अक्षरं. वडिलांनी सोडलेली जागा सहा अक्षरांची. त्यांच्या मनातलं XCVIII आणि हे, अक्षरं तीच. फक्त पहिल्या दोघांनी जागा बदललेल्या. तशीच रस्ता ओलांडून गेले आणि कागद शिळेला लावला. केसाचाही फरक नाही.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण पुढचं सगळं मला तिथंच दिसलं. हे वाचणारा प्रत्येक शहाणा म्हणणार, ओलिंदोच्या पोरीला साधं अठ्ठ्याण्णव लिहिता येत नाही, दोन अक्षरं उलटी मारली. आमच्या गावात माणसाचं वाईट चालणं विसरतात, वाईट कोरणं विसरत नाहीत.

परत येऊन मी म्हटलं, “माझं नाव जाईल, सोरा सेत्तिमिया.”

“माझं राहील,” त्या म्हणाल्या. मग काठीने पिठातल्या रेघा मोडत राहिल्या. “तो गेल्यावर तीस वर्षं मी एकटीने काढली. ती जरा वेगळी दिसली तर दिसू देत.”

लोरेदाना बुधवारी काकूला घेऊन आली. कागद पाहिला, औषधाच्या चिठ्ठीमागे बेरीज केली, मग फोनवर केली.

“हे बरोबर आहे?”

“बेरीज बरोबर आहे.”

“मी बेरीज नाही विचारली.”

“तुझ्या काकूला विचार.”

“काकू, तुला चालेल हे? लोक हसायचे थांबणार नाहीत.”

“मला कुठे वाचायचंय? मी खाली असणार.”

लोरेदाना हसली आणि लगेच तिचे डोळे भरून आले. कागदावर सही करताना तिने विचारलं, “आणि एकोणीस साल उजाडलं तर?”

“तर CXIX,” मी म्हटलं. “चार अक्षरं. पुढे जागा मोकळी राहील.”

“नाही उजाडणार,” सोरा सेत्तिमिया म्हणाल्या. “पोरीनं सहा मोजून बसवलीत. तिला परत कामाला नाही लावायची मी.”

“सोरा सेत्तिमिया, मला काही त्रास नाही! लावा कामाला!” मी पुन्हा ओरडलेच. त्या बाईंशी मला सरळ आवाजात बोलताच आलं नाही कधी.

वीस डिसेंबर, गुरुवार. बारा वाजले, साडेबारा झाले. मी तीनदा दारात जाऊन आले. एक वाजता एल्व्हियो म्हणाला, “जा बघून ये.” लोरेदानाला फोन मीच केला.

जानेवारीत मी शिळेपुढे पोत्यावर गुडघे टेकून बसले. बोटं गारठलेली, आणि पहिलंच अक्षर C, तेही एका भोकाला लागून. वडिलांना मनातल्या मनात दोन शब्द सुनावले आणि हातोडा मारला. पोट फुटलं नाही. बाकीची पाच दुपारपर्यंत झाली. कोपऱ्यात आमच्या दुकानाची खूण असते. तिथे वडिलांचा O अठ्ठ्याऐंशीपासून होताच. मी ठरवलं होतं, आपली खूण नाही करायची. मग वाटलं, नाही केली तर लोक त्यांना नावं ठेवतील. म्हणून शेजारी N कोरला.

पुढच्या मृतांच्या दिवशी दुपारपर्यंत पाच जण दुकानात चूक सांगायला येऊन गेले. सहावे निवृत्त लॅटिन मास्तर, टोपी हातात, आवाजात दया.

“बाई, अठ्ठ्याण्णव असं लिहीत नाहीत.”

“अठ्ठ्याण्णव नाहीच ते. अठ्ठ्याण्णव साली गेल्या असत्या तर मागच्या वर्षी माझ्याकडे न्योक्की कोणी आणली?”

“मग आहे तरी काय?”

“बेरीज करा, मास्तर.”

ते गेले आणि अर्ध्या तासाने परत आले. “दोन हजार अठरा,” म्हणाले. “पण हे काही बरोबर नाही.”

“नाहीच,” मी म्हटलं. “शिळा मात्र तिथेच आहे.”

ते आणखी काही बोलणार होते, तेवढ्यात त्यांच्या मागे दारात सातवा उभा. काखेत शेवंती, चेहऱ्यावर मोठा शोध लावल्याचा आनंद. मी हातातली छिन्नी खाली ठेवली.

“बेरीज करा,” म्हटलं, त्यानं तोंड उघडायच्या आत.