रडारमागची दलदल

तळलेल्या कॉड माशाची आणखी एक जीभ तोंडात टाकून नॉर्मन हॅलम कोटांच्या खोलीत शिरला. बाहेर चर्चच्या हॉलमध्ये जेवण रंगात आलं होतं. दोन वर्षांपूर्वी, शेफिल्डहून न्यूफाउंडलंडच्या या गावात आला तेव्हा, ह्याच जिभा पुढ्यात आल्यावर त्यानं "मांजराला घाला" म्हणून ताटली सरकवली होती. आता ताटली घेऊन फिरणारी बाई दिसली की तो बरोबर तिच्या वाटेत उभा राहायचा.

जिभांचं एक वेळ सोडा. डुकराच्या चरबीतले कुरकुरीत तुकडे, काकवीत बुडवलेले तळलेल्या कणकेचे टाउटन, चिप्सवर पावाचं सारण आणि वर ग्रेव्ही, सगळ्याला आधी नाक मुरडून झालं, मग मागून घेऊन झालं. पण त्याचा जीव अडकला होता बेकॲपलमध्ये. दलदलीत येणारं ते केशरी फळ. एका रोपाला एकच, आणि त्या एकासाठी चिखलात गुडघाभर उतरायचं. आपल्या जागा इथली माणसं जिवापाड लपवतात. सख्खे भाऊ एकमेकांना चुकीच्या रस्त्याला लावतात. आणि शेजारच्या हेडली पार्डीनं जुन्या रडार-केंद्रामागची आपली जागा गेल्या ऑगस्टमध्ये नॉर्मनला दाखवली होती. उपऱ्याला! त्या दिवसापासून नॉर्मन गावात ताठ मानेनं चालायचा.

त्याच फळाच्या मुरंब्याची शेवटची बरणी त्याच्या कोटाच्या खिशात होती. ती हेडलीसमोर ठेवायची आणि डोळा मारायचा, एवढाच त्याचा बेत. त्यानं कोटाकडे हात नेला, तेवढ्यात कोटांच्या पलीकडून कुजबुज आली.

"खिशात पाव आहे ना? दलदलीत पऱ्या वाट चुकवतात. पाव असला की वाटेला जात नाहीत."

आवाज हेडलीचा.

"आहे." हा आवाज नव्या मास्तरचा, ह्यू कॉटलचा. इंग्लंडहून येऊन त्याला महिनाही झाला नव्हता.

"मग मोड. अर्धा तू खा, अर्धा मी. आता म्हण, बायकोला सांगणार नाही."

"बायकोला सांगणार नाही."

"पाद्र्याला सांगणार नाही."

"पाद्री कशाला विचारेल?"

"तो तर सगळ्यात चोरटा! म्हण मुकाट्यानं. रडारमागची ती जागा माझ्या आजोबांनी मरताना माझ्या बापाच्या कानात सांगितली. आजवर रक्ताबाहेर गेली नाही. तू पहिला, राजा."

नॉर्मनचा हात कोटाच्या बाहीवर तसाच राहिला. तोच पाव. तेच आजोबा. 'तू पहिला, राजा' हेसुद्धा तेच, त्याच हेलात.

खिशातली बरणी घेऊन तो बाहेर आला आणि टेबलाशी बसला. थोड्या वेळानं हेडली हात चोळत आला आणि शेजारची खुर्ची ओढून बसला. नॉर्मननं बरणी टेबलावर आपटली.

"तुझ्या आजोबांना अजून किती वेळा मारणार आहेस?"

 टेबलावर असं हसू फुटलं, की पलीकडच्या टेबलावरचे लोक माना वळवून बघायला लागले.

"अगं बाई, कळलं याला!" हेडलीची बायको मर्टल टाळी देत म्हणाली. "पाद्र्याला तीन वर्षं लागली होती!"

"ही शेफिल्डची माणसं हुशार," कुणीतरी म्हणालं. "ट्रॅमच्या घंटेनं डोकं जागं राहतं त्यांचं."

"रागावू नकोस लेका," हेडली म्हणाला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "रडारमागे आम्ही सगळ्या बाहेरच्यांना नेतो. एकदा ती जागा दिली, की माणूस जपून गप्प बसतो आणि आमच्या मागे मागे फिरत नाही. सगळ्यांचं भलं."

"आणि तुझी खरी जागा?"

हेडलीनं चहाच्या मगात बघितलं. "माझी कुठली आलीय जागा!"

मर्टलनं तोवर बरणी उघडून चमचाभर मुरंबा जिभेवर ठेवला होता. ती थांबली. तिनं हॉलच्या त्या टोकाला चहा ओतणाऱ्या नॉर्मनच्या बायकोकडे पाहिलं, मग झाकण नीट लावून बरणी हळूच नॉर्मनकडे सरकवली.

"छान झालाय," एवढंच म्हणाली.

नॉर्मन बरणी खिशात घालून घरी निघाला. पॉलीन शेजारून चालत होती. गावच्या छोट्या इस्पितळात ती नर्स होती. तिच्यामुळेच ते इथे आले होते. आल्या आल्या बायकांनी तिला हातोहात आपलंसं केलं. त्याला मात्र एकेक घास खाऊन, एकेक विनोद झेलून आत शिरावं लागलं. शिरलो, असं त्याला वाटलं होतं.

स्वयंपाकघरात त्यानं तिला सगळं सांगून टाकलं. पाव, शपथ, आजोबा.

"वर्षभर ती जागा तुझ्यापासून लपवली गं. मासे पकडायला जातो म्हणून गेलो. शपथ म्हणजे शपथ म्हटलं. आणि तो भामटा मास्तरलाही तेच खिलवतोय."

पॉलीन टोस्टला लोणी लावत होती. ती लावतच राहिली.

"वाईट केलं त्यानं."

"वाईट? अगं, इथे येऊन मला एकच गोष्ट मिळाली होती. हॉटेलात मिळते तसली नव्हे. ह्यांच्यातला एक म्हणून दिलेली."

तो खुर्चीत बसला आणि समोरच्या फळीकडे बघत राहिला. वरची अख्खी ओळ रिकाम्या बरण्यांची होती, धुऊन उपड्या घातलेल्या. गेल्या हिवाळ्यात रोज सकाळी त्यानं एकेक करून संपवलेल्या.

"पॉलीन."

"हं."

"मी फळं आणली तेव्हा बादलीचा तळही धड झाकला नव्हता."

लोण्याची सुरी थांबली.

"तू म्हणालीस, शिजली की फुगतात."

"म्हणाले असेन."

"मला वाटलं, वाटाण्यांसारखं असेल." शेफिल्डला त्याची आई रात्री मूठभर वाळके वाटाणे भिजत घालायची, सकाळी पातेलं भरायचं. त्या हिशेबानं त्याला कधी शंकाच आली नव्हती. "मूठभर फळांच्या एवढ्या बरण्या?"

"साखर बरीच घातली होती."

"पॉलीन!"

ती समोर येऊन बसली. टोस्टची ताटली दोघांच्या मध्ये ठेवली.

"पहिल्याच उन्हाळ्यात मर्टलनं नेलं मला," ती म्हणाली. "रात्रपाळीला तिच्या आईजवळ बसले होते ना, त्यानंतर. तू मग ती मूठभर फळं घेऊन आलास, इतका खूश होऊन. म्हटलं, ह्याला कशाला कळायला हवं. माझी तुझ्यात मिसळली."

"म्हणजे वर्षभर मी तुझीच खात होतो."

"तुझीही होती त्यात. चार-पाच."

"कुठे आहे जागा?"

पॉलीननं टेबलावर सांडलेले पावाचे कण बोटानं गोळा केले.

"मी शब्द दिलाय, नॉर्मन."

"मी नवरा आहे तुझा."

"तूही नवराच होतास की, मासे पकडायला गेलास तेव्हा."

 त्यानं बरणीतला मुरंबा टोस्टवर जाड थापला आणि चावला. पलीकडच्या घरातून हेडलीचं हसू ऐकू आलं. मुरंबा नेहमीसारखाच लागत होता, आणि ह्याचाच त्याला जास्त राग आला.

सकाळी पॉलीन उठली तेव्हा तो झोपेचं सोंग घेऊन पडला होता. खाली रबरी बूट चढवल्याचा आवाज आला. मग पावाचा डबा उघडल्याचा. मग दाराचा.

तो खिडकीशी गेला. ती फाटकापाशी उभी होती. एका हातात बादली, दुसरा हात खिशात. निघत मात्र नव्हती. मग तिनं वळून वर पाहिलं.

नॉर्मननं समजूतदारपणे पडदा ओढून घेतला. दोन बोटांची फट ठेवून.

तिची नजर पडद्याच्या त्या फटीवर थांबली. मग बादली ह्या हातातून त्या हातात घेतली आणि समुद्राकडे, धक्क्याच्या रस्त्यानं निघाली. त्या बाजूला दलदल नाही, एवढं आता त्यालाही ठाऊक होतं.