निकिताचं साक्षगंध

जगात कुठंही काही बिनसलं की दिग्रसच्या त्या गल्लीतली माणसं देवराव गुरुजींच्या ओट्यावर यायची. गुरुजी निवृत्त झाले तरी भूगोल काही त्यांच्या अंगातून उतरला नव्हता. त्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनच्या सीमेवर रणगाडे आणून उभे केले, तेव्हा तर ओटा रिकामा राहीना. कारण युक्रेन आता नुसतं नकाशावरचं नाव नव्हतं. गुरुजींची लेक निकिता आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मैनाबाईंचा अंकुर, दोघंही तिकडे खारकीवला डॉक्टरकी शिकत होते.

मैनाबाई ब्लाउज शिवायच्या. नवऱ्यामागे जे काही हाती आलं होतं, ते सगळं त्यांनी एकुलत्या पोराच्या शिक्षणात घातलं होतं. एका संध्याकाळी गळ्यातली टेप तशीच लटकवून त्या ओट्यापाशी आल्या.

"गुरुजी, अंकुर इचारून राह्यला, येऊ का म्हणून. कॉलेजवाले म्हंतात, गेला तं हजेरी जाईन. काय सांगू त्याले?"

"कायले बोलावता?" गुरुजींनी वर्गात लावायचे तसा आवाज लावला. "मोठमोठे देश बोलणी करून राह्यले. एकाचा मंत्री जाते, दुसऱ्याचा येते. दोन सांड समोरासमोर डुरकले म्हणजे भिडलेच असं असते का? थोड्या वेळानं जातात आपापल्या वाटेनं."

"गुरुजीले दिल्लीले पाठवा रे कोणी," शेजारचा लखीराम म्हणाला, आणि सगळे हसले. मैनाबाईही हसल्या आणि हलक्या पावलांनी घरी गेल्या.

बोलताना गुरुजींना ते खरंच वाटत होतं, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण पुढं आपल्या दूतावासाची सूचना निघाली, की विद्यार्थ्यांनी शक्य असेल तर तूर्त देश सोडावा. निकितानं ती फोनवर पाठवली. गुरुजींनी दोनदा वाचली आणि कुणाशी एक शब्द न बोलता पोरीचं तिकीट काढून टाकलं.

"मैनाबाईले सांगून या," त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई म्हणाल्या.

"सांगतो ना."

पण सांगायला जाण्याआधीच मैनाबाई आल्या. ओट्यावर तीच माणसं, तोच लखीराम. "अंकुर म्हंते पत्रक निघालं. आता बोलावू का, गुरुजी?"

गुरुजींना आपलेच सांड आठवले. लखीराम त्यांच्या तोंडाकडे बघत होता. आणि ज्या माणसानं तासाभरापूर्वी स्वतःच्या लेकीचं तिकीट काढलं होतं, तो म्हणाला, "अशी पत्रकं निघतच राहतात, मैनाबाई. सरकारले आपल्या अंगावर काही घ्याचं नसते."

"मंग निकिता येऊन राह्यली म्हंते अंकुर?"

"तिची गोष्ट वेगळी. सोयरीक जमली. साक्षगंध हाय तिचं."

आतून सत्यभामाबाईंच्या हातातलं झाकण पडल्याचा आवाज आला. मैनाबाईंचा चेहरा मात्र उजळला.

अंकुरला वेगळं कळू नये म्हणून मग त्यांनी निकितालाही फोनवर हेच सांगितलं. तिकडे अंकुरनं तिची बॅग स्टेशनापर्यंत उचलून नेली, जिलेबी पाठव म्हणून चिडवलं. घरी आल्यावर पोरगा कोण, हे विचारून विचारून ती थकली, तेव्हा आईनं खरं सांगितलं. त्यानंतर ती बापाशी कामापुरतंच बोलू लागली.

आणि लढाई पेटली. अंकुर खारकीवच्या भुयारी स्टेशनात, शेकडो लोकांत, थंड फरशीवर झोपू लागला. मैनाबाईंच्या घरी टीव्ही होता, पण त्या गुरुजींकडे येऊन बसायच्या, कारण इथं कुणी समजावून सांगणारं होतं. गुरुजी नकाशावर बोट ठेवून सांगायचे, कुठून फौज आली, बोलणी कुठं अडली. मैनाबाई मान हलवायच्या. "निकिताचं नशीब चांगलं. साक्षगंधानं वाचवलं तिले," असं त्या अगदी मनापासून म्हणायच्या. मग गुरुजी घाईघाईनं नकाशावरचं पुढचं गाव दाखवायचे.

मग तिथं शिकणारा एक भारतीय मुलगा तोफांच्या माऱ्यात ठार झाल्याची बातमी आली. पाठोपाठ नवी सूचना निघाली: खारकीव सोडा, गाडी मिळाली नाही तर पायी निघा. अंकुर निघाला एवढं कळलं आणि त्याचा फोन बंद झाला.

त्या दुपारी मैनाबाई आल्या त्या कागदात गुंडाळलेलं काही घेऊन. रडून डोळे सुजले होते, पण त्यांनी निकिताला जवळ बोलावलं.

"तुह्या साक्षगंधाचं ब्लाउज शिवलं, माय. झोप येत नाही तं मशीनवर बसते." मग गुरुजींकडे वळून म्हणाल्या, "माह्या पोरापायी तुमी कार्यक्रम अडवून धरला, मले समजते. सख्खे करत नाहीत एवढं. पण नोका थांबू, गुरुजी. पोरीचं शुभकार्य हाय."

निकितानं हात पुढं केला नाही. ती बापाकडे बघत राहिली. सत्यभामाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

गुरुजींनी टीव्ही बंद केला.

"साक्षगंध नव्हतंच, मैनाबाई."

"मोडलं का?"

"जमलंच नव्हतं. पत्रक वाचून मीच भ्यालो अन् पोरीले बोलावून घेतलं. तुमी इचारलं तेव्हा तिकीट काढून झालतं. चार लोकांत आपला शब्द कसा फिरवावा म्हणून..." 

मैनाबाई हातातल्या कागदाची घडी नीट करत बसल्या.

"त्या दिवशी अंकुर रडून राह्यलता फोनवर," त्या म्हणाल्या. "मी त्याले दटावलं. म्हटलं, गुरुजीपेक्षा शहाणा झाला का तू?"

त्या उठल्या. ब्लाउज निकिताच्या हातात दिलं. "ठेव. तुह्याच मापाचं हाय, दुसऱ्या कोणाले होणार नाही. त्याचा फोन आला तं तुले कळवीन." गुरुजींकडे न बघता त्या पायऱ्या उतरल्या.

पुढचे दिवस गुरुजी ओट्यावर बसले नाहीत. कुणी हाक मारली तर सत्यभामाबाई सांगायच्या, बरं नाही त्यांना. टीव्ही बंदच होता.

मग एका सकाळी निकिता मैनाबाईंच्या घरून धावत आली आणि थेट स्वयंपाकघरात शिरली. बाहेरच्या खोलीत गुरुजींनी कान टवकारले. आत आधी कुजबुज झाली. मग सत्यभामाबाईंचा हुंदका आणि निकिताचा आवाज, "पोलंडमध्ये पोचला, आई. पायाले फोड आले म्हंते, बाकी काही नाही." मायलेकी हसत होत्या, रडत होत्या. साखरेचा डबा उघडल्याचा आवाज आला.

गुरुजी अर्धवट उठले. पुन्हा खाली बसले. बाहेरच्या खोलीत येऊन सांगायचं कुणाला सुचलं नाही, आणि आत जाऊन विचारायचं तोंड त्यांना नव्हतं.