कठड्यावरचा हात

"कुनीबी पुढं येऊ नका. पूल हालतोय," असं म्हणत कृपादाननं लाल झेंडा आडवा धरला आणि घोडेगावच्या बाजाराला निघालेले जनावरांचे टेम्पो प्रवरेच्या अलीकडे एकामागे एक थांबले.

पहिल्या टेम्पोतून बिभीषण उतरला. दर बाजाराला म्हशी नेणारा, जुन्या ओळखीतला. त्यानं पुलाकडे पाहिलं, मग कृपादानकडे.

"मामा, कुठं हालतोय? बगळं तर निवांत बसल्यात कठड्यावर."

"माझ्या हाताला कळतंय."

बिभीषणनं टेम्पोचं इंजिन बंद केलं. रस्ते खात्यात मैलकामगार म्हणून लागल्यापासून या पुलाची देखरेख कृपादानकडे होती. कठड्याला तळवा टेकवून, रस्त्याकडे पाठ करून तो सांगायचा, मागून येतेय ती उसाची ट्रॉली भरलेली की रिकामी. लोक चहाची पैज लावायचे आणि चहा बहुतेक वेळा यालाच मिळायचा. बिभीषण तर पुलावरून जाताना ओरडून विचारायचाच, "मामा, भरल्याली का रिकामी?"

गेल्या हिवाळ्यात पुलाला सेन्सर बसले. भार्गवी नावाची तरुण इंजिनिअर माणसं घेऊन आली आणि पूल जिथे खांबांवर टेकतो तिथे चपट्या लोखंडी डब्या बसवून गेली. पूल किती हलतो आणि भूकंपात कुठल्या खांबावर किती जोर येतो, ते या डब्या मोजणार होत्या. "काका, तुमचा हात आणि आमचे सेन्सर, दोघांनी मिळून पूल सांभाळायचा," असं ती म्हणाली, तेव्हा कृपादानची छाती फुगली होती.

पण अलीकडे काहीतरी बिनसलं होतं. कठड्याला हात लावला की बारीक थरथर लागायची आणि डब्या मात्र मुक्या. फोन केला की भार्गवी म्हणायची, "इथे काहीच दिसत नाही, काका." आता खरं कुणाचं मानावं? हात खरा असेल आणि आपण गप्प बसलो, तर एखाद दिवशी भरला टेम्पो नदीत जाईल. हात खोटा असेल, तर आपल्याला पुलावरून काढतील. विचार करकरून त्याचं डोकं भणाणून गेलं होतं.

तसा त्याला हल्ली बऱ्याच गोष्टींचा उलगडा होत नव्हता. घरी बायको हन्ना चहा अर्धा कपच द्यायची आणि तो संपला की उरलेला अर्धा. दूध कमी येतंय म्हणावं, तर दुसऱ्यांदा देतेच आहे. चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला फिरवायचा मान वर्षानुवर्षं त्याचा. तो पाळकांनी गोड बोलून एडविन नावाच्या दुसऱ्या सभासदाला दिला आणि याच्या हाती शास्त्रवाचन ठेवलं. मंडळीत राजकारण शिरलं, असं म्हणून कृपादान त्या दिवसापासून एडविनशी धड बोलत नव्हता.

कृपादाननं फोन केला तेव्हा भार्गवी जवळच नेवाशात होती, लगेच आली. रस्त्याकडेच्या लिंबाच्या पारावर लॅपटॉप उघडून तिनं बराच वेळ पाहिलं.

"काका, रेघ सरळ आहे. पूल शांत आहे."

"मग माझा हात लबाड हाय व्हय?"

ती जरा गोंधळली. "मशीनचंही चुकू शकतं." पिशवीतून तिनं एक सुटा सेन्सर काढला, वायर जोडली आणि तो पारावर ठेवला. "यावर हात ठेवा. कठड्यावर ठेवता तसाच."

कृपादाननं हात ठेवला. पडद्यावरची रेघ करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होऊ लागली.

"बगा! मी म्हनत न्हवतो?" किती दिवसांनी त्याला हलकं वाटलं. "किती हालतोय बगा पूल."

 भार्गवीनं त्याचा हात अलगद बाजूला केला आणि स्वतःचा ठेवला. रेघ जवळजवळ सरळ झाली. मग पुन्हा त्याचा. पुन्हा दाते.

कृपादान पडद्याकडे बघत राहिला. मग त्यानं खाली पाहिलं. सेन्सर पारावर होता. पूल तिकडे लांब, बगळ्यांसकट जागच्या जागी होता.

बिभीषणला त्याच्याआधी कळलं असावं. तो टेम्पोच्या चाकाशी जाऊन उगाच वाकला.

"डॉक्टरांना दाखवलंय का, काका?" भार्गवीनं हळूच विचारलं.

"न्हाई. मला वाटलं, पूलच हाय." त्याला फार लाज वाटली, आणि पूल धड आहे म्हणून बरंही वाटलं. दोन्हींतलं जास्त काय, ते त्याला सांगता आलं नसतं.

"वर काय कळवू मी?"

"खरं हाय ते कळवा, ताई. मानसं जात्यात यावरनं."

त्यानं झेंडा गुंडाळायला घेतला. काठीवर कापड नीट बसेना. भार्गवीचा हात पुढे आला, तसा त्यानं मानेनंच नको म्हटलं आणि दोरी बांधूनच टेम्पोंना वाट दिली. बिभीषण गेला. त्यानं काही ओरडून विचारलं नाही.

घरी हन्नानं अर्धा कप चहा पुढे ठेवला. कृपादाननं कप उचलला. आतला चहा हिंदकळत काठापर्यंत आला, पण सांडला नाही.

"हन्ना, आपल्याकडं दूध कमी येत न्हाई, न्हवं?"

"न्हाई," ती म्हणाली.

तो सावकाश चहा प्याला. कप खाली ठेवल्यावर हन्नानं पातेलं उचललं आणि उरलेला अर्धा कपात ओतला.