तेविसावा उतारा

मे महिन्याच्या मध्यावर गूयूची आजी गेली. शाळेत ते फक्त लू वानछिंगला कळलं.

दुपारच्या सुटीत ती शिक्षकांच्या खोलीत डबा उघडून बसली होती. फोन वाजला.

"बाई, मी फांग गूयूचा बाप. माझी आई काल पहाटे गेली. आम्ही दोघं नवराबायको दोंगग्वानहून, कामावरून गावी आलोय." मागे अंत्यविधीचे फटाके वाजत होते, सनई वाजत होती. तो ओरडूनच बोलत होता. "पोरीला कळू द्यायचं नाहीये. परीक्षा होऊ दे. मग आम्हीच सांगू."

"बरोबर आहे," वानछिंग म्हणाली.

हो म्हणायला तिला क्षणही लागला नाही. नववीचा वर्ग, बावन्न मुलं, महिन्यावर आलेली परीक्षा. त्या परीक्षेतून निम्मी मुलं वरच्या शाळेत जातात आणि निम्मी केस कापायला नाहीतर नळ जोडायला शिकतात. गूयू अगदी मधोमध होती. अशा वेळी घरात कोणी गेलं तर पोराला सांगत नाहीत. तालुक्यात कुणालाही विचारा, हेच सांगेल. वानछिंगच्या सोळा वर्षांच्या नोकरीत हा चौथा फोन होता.

गूयूला आजीनंच वाढवलं होतं. ती शाळेच्या वसतिगृहात राहायची, आणि परीक्षेआधीचा महिनाभर कोणालाच घरी सोडत नसत. मुलांना फोन बाळगायची परवानगी नव्हती, म्हणून दर रविवारी जेवण झालं की गूयू वानछिंगचा फोन मागायला यायची. आजीला ऐकू कमी यायचं. गूयू नंबर लावायची, दोनदा वाजू द्यायची आणि ठेवून द्यायची.

"बोलत का नाहीस गं?" वानछिंगनं एकदा विचारलं होतं.

"तिला ऐकूच येत नाही, बाई. पण फोन थरथरलेला खिशात कळतो. दोनदा थरथरला म्हणजे मी बरी आहे. मग ती एकदा वाजवते. म्हणजे तीपण."

त्या रविवारी गूयूनं नंबर लावला, ठेवला आणि दाराशी उभी राहून वाट पाहिली.

"आजीचा फोन बिघडलाय," वानछिंग म्हणाली. "वडील म्हणाले तुझे. दुरुस्तीला टाकलाय."

"बरं," गूयू म्हणाली आणि फोन दोन्ही हातांनी परत केला. मुलगी शहाणी होती. तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही, पण पुढच्या रविवारीही फोन मागायला आली.

वानछिंग वर्गात शिकवायची ते बहुतेक उतारेच. रोज दोन इंग्रजी उतारे, प्रत्येकाखाली पाच प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. बाजारातली पुस्तकं संपली की ती स्वतः उतारे लिहायची. तिला ते आवडायचं. ती पुष्कळ वाचायची, आणि आता तिच्या हातून लिहून व्हायचं ते एवढंच. अडीचशे शब्दांत एक म्हातारी, एक पर्सिमनचं झाड, एक चुकलेली बस. म्हातारी बहुतेक वेळा तिची आईच असे. आई नव्वद किलोमीटरवर गावात धाकट्या भावाकडे राहायची. आपण शेजारच्या तालुक्यातल्या बावन्न मुलांच्या वह्यांत इंग्रजी बोलतो हे तिच्या गावीही नव्हतं.

"उत्तर उताऱ्यातच असतं," वानछिंग फळ्यावर टिचकी मारून सांगायची. "आपल्या मनातलं घालायचं नाही. लेखकानं जे सांगितलेलं नाही पण दाखवलेलं आहे, ते ओळखा. माणूस म्हणतो मी बरा आहे, पण त्याचा चहा तसाच गार पडलाय. मग तो बरा आहे का?"

"नाही, बाई!"

"कशावरून?"

"चहावरून!"

जूनसाठी तिनं तीस उताऱ्यांचा गठ्ठा तयार केला होता. तेविसाव्या उताऱ्यात एक मुलगी शहरातून घरी येते आणि आजी थांब्यावर दिसत नाही. चौथा प्रश्न होता, शेवटी मुलीला काय वाटलं? छपाई होऊन आली तेव्हा वानछिंगला आठवलं. ती एका दुपारी छपाईच्या खोलीत बसली आणि तिनं बावन्न गठ्ठ्यांतून एकेक पान टाचणीतून सोडवून काढलं.

विभागप्रमुख झान सर दारातून पाहत होते. "काय चाललंय? उंदीर लागलाय का कागदाला?"

तिनं सांगितलं.

"लू बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "आईबापसुद्धा एवढं करत नाहीत."

तिला बरं वाटलं. पुढे अनेक दिवस, दमली की, ते वाक्य ती मनात काढून बघायची.

वर्गात मात्र मागून कोणीतरी विचारलंच, "बाई, बाविसाव्यानंतर एकदम चोविसावा? तेविसावा कुठे गेला?"

"चोविसाव्यानं खाल्ला!" दुसरं कोणी ओरडलं आणि वर्ग हसला.

"छपाईत चूक झाली," वानछिंग म्हणाली. "एक उतारा कमी, तर रडू येतंय का? आणखी दोन देऊ?"

"नको, नको, बाई!"

गूयू हसली नव्हती. ती पानांचे आकडे बघत होती.

वानछिंगचं आईशी शेवटचं नीट बोलणं मेच्या सुरुवातीला झालं होतं. आई म्हणाली होती, "सुटी लागली की ये. घाई नको करू." नंतर फोन केला की भाऊ घ्यायचा. "ताई, झोपलीय ती." "ताई, शेजारी गेलीय. तू तुझ्या पोरांचं बघ." जूनच्या अकरा तारखेपासून मात्र रोज संध्याकाळी आईचा बोलका निरोप फोनवर येऊ लागला. आईला लिहिता येत नव्हतं. निरोप दहा-बारा सेकंदांचा असायचा.

"जेवले मी. भोपळ्याची भाजी केलेली. तू जेव वेळेवर."

"काळी कोंबडी खुडूक बसलीय. उठायचं नाव नाही."

"ऊन फार आहे गं. बाहेर पडताना डोक्यावर काहीतरी घे."

हा तिसरा निरोप आला तेव्हा वानछिंगच्या खिडकीबाहेर मुसळधार पाऊस लागला होता. तीन दिवस लागलेलाच होता. तिचा लाल पेनचा हात थांबला. मग ती मनात म्हणाली, नव्वद किलोमीटर आहे, तिकडे असेल ऊन. आणि पुढचा पेपर ओढला. ते निरोप ती एका कानानं ऐकायची. "हो आई, जेवले," एवढं बोलून पाठवायची आणि मन हलकं व्हायचं. आई रोज बोलते, म्हणजे आई बरी आहे.

परीक्षा अठरा तारखेला सुरू झाली. तीन दिवस नववीच्या सगळ्या शिक्षकांनी एकसारखे लाल टी-शर्ट घातले. लाल म्हणजे यश. फाटकाबाहेर आया लाल झगे घालून शकुनाची सूर्यफुलं घेऊन उभ्या होत्या. एकोणीसच्या संध्याकाळी आईचा निरोप आला तेव्हा वानछिंग वसतिगृहात मुलांच्या ओळखपत्रांची खात्री करत होती. न ऐकलेल्या निरोपाशेजारचा लाल ठिपका दिसला. उद्या ऐकू, असं म्हणून तिनं फोन पिशवीत टाकला.

वीस तारखेला शेवटचा पेपर इंग्रजीचा होता. गूयू सगळ्यात आधी बाहेर आली. घामानं केस कपाळाला चिकटले होते.

"बाई! दुसरा उतारा अगदी तुमच्यासारखा होता. म्हातारी आणि झाड. पाचही बरोबर असतील बघा!"

वानछिंगनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. कापराच्या झाडाखाली गूयूचे आईबाप उभे होते. बापाच्या हातात एकच सूर्यफूल होतं, ते त्यानं उलटं धरलं होतं.

"अय्या, तुम्ही आलात?" गूयू धावली. मध्येच थांबली. "आजीला कोण बघतंय मग?"

बाप बोलू लागला. वानछिंग दहा पावलांवर उभी होती. तिला शब्द ऐकू आले नाहीत. गूयूची पाठ दिसत होती. मुलगी ओरडली नाही, खाली बसली नाही. वळून सरळ वानछिंगपाशी आली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवसापासून."

"तेविसावा उतारा आजीचा होता?"

वानछिंगनं मान डोलावली.

"मी पाच रविवार फोन लावला, बाई. दोनदा वाजवून ठेवायचे. कोणाच्या खिशात वाजत होता तो?"

गूयूची आई आली आणि तिनं मुलीला दंडाला धरून नेलं. जाताना बाप वानछिंगला वाकून म्हणाला, "तुमचे उपकार विसरणार नाही, बाई." आणि सूर्यफूल तिच्या हातात देऊन गेला.

ते फूल घेऊन उभी असताना तिला रस्त्यापलीकडे वानशान दिसला. तिचा भाऊ. उसन्या आणलेल्या छोट्या गाडीला टेकून उभा होता. हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिला आधी हसूच आलं.

"तू रे कसा इथे? सांगितलं नाहीस ते! आई आलीय का सोबत?"

ती गाडीच्या खिडकीतून आत वाकून बघू लागली.

"ताई," वानशान म्हणाला. त्यानं पिशवी पुढे केली. आत काळा सदरा होता, नवा, घड्या न मोडलेला. "हा घाल. लाल नको."

ती सदऱ्याकडे बघत राहिली. समोरून मुलं पुस्तकांची पानं हवेत उडवत चालली होती.

"कधी?"

"अकराला."

"अकराला. अरे, ती रोज..." ती थांबली.

"आदल्या आठवड्यात बोलून ठेवलं होतं तिनं, माझ्या फोनमध्ये. मग रोज संध्याकाळी एकेक तिच्या फोनसमोर लावून पाठवायचो."

"पुरलं?"

"तेराला. डोंगरावर, बाबांशेजारी."

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"तीच म्हणाली, नको. चैत्रातच कळलं होतं डॉक्टरांकडून, यकृताचं. म्हणाली, तिच्या पोरांची परीक्षा आहे. बावन्न पोरं आहेत." वानशानचा आवाज फाटला. "ताई, मी काय करणार होतो? माझ्या जागी तू असतीस तर तूही..."

"हो," ती म्हणाली. "मीही."

लाल टी-शर्टवरच तिनं तो सदरा चढवला. गाडी सुरू झाली. गाडीनं नदी ओलांडली. मग तिनं फोन काढला आणि पहिल्या निरोपापासून ऐकायला लागली, दोन्ही कानांनी.

जेवले मी. भोपळ्याची भाजी. मागे कुठेतरी दूर भंगारवाल्याचा भोंगा होता. जुने फ्रीज, जुने टीव्ही, जुनी वॉशिंग मशीन... शब्द जेमतेम कळत होते. दुसऱ्यात, कोंबडीच्या निरोपात, भोंगा जरा जवळ आला होता. तिसऱ्यात, उन्हाच्या, तो गल्लीच्या तोंडाशी होता. पाचव्यात अगदी दाराशी. आई त्याच्यावर आवाज चढवून बोलत होती आणि मध्येच खोकत होती. सहाव्यात तो पुढे सरकला. सातव्यात वळला. नऊ संध्याकाळींत तिच्यापर्यंत पोचलेली ती एकच दुपार होती. एक भंगाराची गाडी गल्लीतून जायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच. आणि वर्गात ती रोज विचारत होती, कशावरून?

आठव्यात भोंगा जवळजवळ संपला होता. "काही काळजी करू नको," आई म्हणत होती. प्रत्येक शब्दाआधी श्वास.

नववा अजून ऐकायचा होता. लाल ठिपका तसाच होता. तिनं अंगठा त्यावर धरून ठेवला, दाबला नाही. वानशाननं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गाडीचा वेग कमी केला. मग तिनं दाबला.

"परीक्षा संपत आली असेल आता," आई म्हणाली. "झोप भरपूर."

भोंगा नव्हता. थोडी शांतता. मग आईचाच आवाज, फोनपासून दूर, थकलेला, दुसऱ्या कोणाला तरी:

"एवढे पुरतील ना रे?"

आणि वानशानचा. "पुरतील, आई."