इंजिन वाचलं

आमच्या बेल्मिरोला इंजिनांची माया फार. त्यातली निम्मी माणसांवर असती तरी मला आज हे बोलायची पाळी आली नसती.

पोर्तुगालच्या आलेंतेजमधल्या आमच्या गावात कारखाना एकच, बाटल्यांच्या बुचांचा. बुचं ज्याची होतात ती ओकच्या झाडाची साल नऊ वर्षांतून एकदा निघते. तिचे ढीग कारखान्याच्या आवारात वाळत पडायचे आणि आम्ही गावच्या बायका ती निवडायचो. माझा नवरा बेल्मिरो तिथला मेस्त्री. ढीग गेले की कारखाना गेला आणि कारखाना गेला की गावाची चूल विझली, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

म्हणून मालकांनी आगीसाठी डिझेलचा पंप बसवला, नळातला दाब पडला की आपोआप सुरू होणारा. शेजारी लाल पेटी आणि तिच्यावर छोटा पडदा. 'तेल कमी', 'बॅटरी उतरली', 'इंजिन तापलं', जे काही बिनसलं असेल ते त्यावर उमटायचं आणि घंटा वाजायची. मी बेल्मिरोचा डबा घेऊन गेले तेव्हा पंप बसवणारा वाल्देमार त्याला समजावत होता.

"मेस्त्री, चाचणीच्या दिवशी पडदा सांगेल ते ऐका. पण खरी आग लागली तर बिलकूल ऐकू नका. 'तापलं' म्हणू दे, घंटा बोंबलू दे. पेटी नुसती सांगेल, इंजिन थांबवणार नाही. मुद्दामच तसं केलंय."

"आणि इंजिन जळालं तर?"

"जळू द्या की! मरायलाच ठेवलंय ते. पाणी थांबता कामा नये."

"समजलं," बेल्मिरो म्हणाला, आणि फडक्याने इंजिन पुसत राहिला.

कसलं समजलं, डोंबल! लहानपणी याने बापाचा ट्रॅक्टर पाणी न घालता हाकला होता. इंजिन जाम झालं आणि बापाने चामडी लोळवली. तेव्हापासून इंजिन तापलं की याच्याच जिवाची काहिली व्हायची.

ऑगस्टमधल्या भर दुपारी कुणाच्या तरी यंत्राची ठिणगी वाळक्या गवतात उडाली आणि कडेचा ढीग पेटला. पंप लगेच सुरू झाला. आम्ही बायकांनी नळ्या धरल्या आणि मधल्या वाटेवर आग अडवून ठेवली. बंबवाले रस्त्यात होते. आग मागे हटत होती हो, देवाशपथ हटत होती! तेवढ्यात माझ्या हातातली नळी मऊ पडली.

मी पंपाच्या खोलीकडे धावले. पडद्यावर 'इंजिन तापलं', त्याखाली 'खटका बंदवर', आणि घंटेचा नुसता ठणाणा. बेल्मिरो इंजिनाजवळ उभा होता.

"मेल्या, बंद केलंस?"

"दोन मिनिटं गार होऊ दे गं. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या गाळणीत भुसा अडकलाय. जाम झालं असतं."

"होऊ दे ना जाम! वाल्देमारने घसा फोडून सांगितलं होतं ना तुला?"

"अगं, एवढं नवं इंजिन, देओलिंदा..."

त्याला ढकलून मी खटका फिरवला. इंजिन चालू झालं, पण वाऱ्याने आग वाटेपलीकडे नेली होती. आमच्या नळ्याच पेटल्या होत्या. बायका फाटकाकडे पळत होत्या.

कारखाना पुन्हा उघडला नाही. हिवाळ्यात उरलंसुरलं सामान लिलावाला निघालं. एक जुनाबाजारवाला आला, त्याने खटका फिरवला, आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. पडद्यावर उमटलं, 'दोष नाही. इंजिन तयार.'

"वा, मेस्त्री!" तो बेल्मिरोच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "काय जपलंय! अगदी नवं कोरं!"

ऑगस्टपासून गावात मान वर न केलेला माझा नवरा ताठ उभा राहिला आणि हसला.

"मग! कधी तापू दिलं नाही त्याला," तो म्हणाला.

साल निवडणाऱ्या आम्ही सगळ्या बायका तिथेच उभ्या होतो.